झोप आहे

सकाळी इथे आधी वाकायचं असतं.
गुडघे टेकायचे नाहीत,
टेकणार आहेत असं वाटावं, इतपत.
मग मा सनातू विचारते, झोपलीस?
उत्तर ठरलेलं : गोम बेनी.
शब्दशः, झोप आहे.
कणगीत बाजरी आहे, दाराशी शेळी आहे,
तशी झोपही आहे घरात, संपलेली नाही.
मग ती घरच्यांचं विचारते, थंडीचं विचारते,
काल दुखणाऱ्या पोटाचं विचारते,
आणि प्रत्येकाला म्हणायचं : नाऽ.
माझ्या भाषेत हा नकार.
पहिले चार दिवस मी
भेटेल त्याला नकार देत हिंडले
आणि गाव माझ्यावर खूश होत गेलं.

आम्ही ओडेन्सहून आलेले नऊ जण.
पोरं आठांच्या मागे धावली : सिलिमिंगा! सिलिमिंगा!
मग माझ्याही.
गोरी.
जन्मात पहिल्यांदा कोणी मला गोरी म्हणालं.
ज्या आत्यांनी सुट्टीभर मला हळद-बेसन फासलं
त्यांना तार करावीशी वाटली.

हाताने जेवता येतं, म्हणून मी जरा तोऱ्यात होते.
माद्स बिचारा गोळा मोडावा कसा, बघत बसलेला.
पण आयोयोच्या पाल्याचं ते बुळबुळीत कालवण
माझ्याही बोटांतून निसटून
थेट कोपरापर्यंत ओघळलं.
वुनपिनी हसली. ठसका लागेपर्यंत.

वुनपिनी म्हणजे देवाची देणगी.
सनातूची धाकटी, एकोणीस वर्षांची, गणितात पक्की.
तिने मला शीयाचं लोणी काढायला बसवलं :
परातीत भाजक्या बियांचा तपकिरी राडा,
थोडं पाणी, आणि रवी म्हणजे आपलाच हात.
घुसळ. अजून घुसळ.
माझा खांदा गेला, राडा तसाच.
तिने हात घातला, माझ्या हाताशेजारी,
आणि खालून काहीतरी हललं,
जड झालं, पांढुरकं झालं, वर आलं.
केव्हा, ते मला दिसलं नाही.
बायका म्हणाल्या, तू बोलत होतीस तेव्हा.

हरमॅटनची धूळ होती. ओठ फुटलेले.
रात्री तेच लोणी ओठांना.

कागदावर लिहिलं होतं : विद्यार्थ्यांची देवाणघेवाण.
घेवाण आम्ही करून आलो.
उन्हाळ्यात वुनपिनी येणार होती.
तमालेला जाऊन तिने फोटो काढला,
दोन्ही कान दिसायला हवेत म्हणून डोक्यावरचं फडकं सोडून.
आफा इद्रीसुंनी शिफारस लिहिली, हिरव्या शाईत,
दोनदा, कारण पहिलीवर कोंबडी चालली.
मी तिच्यासाठी सायकल बघून ठेवली, सीट खाली करून.

पत्र आलं, एक पान.
अर्जदार मायदेशी परत जाईल
याची खात्री पटत नाही.

मी तिथे एकवीस दिवस होते.
परत जाशील ना, असं मला कोणीच विचारलं नाही.
एकदा मा सनातूने विचारलं,
मी टेम्पोत चढत असताना,
परत कधी येशील.
मी म्हटलं, नाऽ.
प्रश्न कळला नव्हता, सवय लागली होती.
ती हसली नाही. मान हलवली फक्त.

काल रात्री फोन केला. इथे बर्फ पडत होता.
तिथे नेटवर्कसाठी वुनपिनी
शाळेमागच्या मुंगीच्या वारुळावर चढलेली, म्हणजे नेहमीच्या जागी.
पत्राबद्दल मी वाक्यं जुळवून ठेवली होती,
तीन भाषांतून, एकही धड नव्हतं.
ती आधी म्हणाली, थांब, आई आहे.

मा सनातूचा आवाज, वाऱ्यासकट :
झोपलीस?

तीन रात्री डोळा नव्हता माझा.
तिचाही नसणार.
मी खिडकीपाशी उभी होते, कोणी बघत नव्हतं,
तरी गुडघे वाकलेच थोडे.
गोम बेनी, म्हटलं.
मग तिने घरच्यांचं विचारलं, थंडीचं विचारलं,
सायकलचंही विचारलं.